तिसरा रकाना

माझ्या आधी आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. लोकांना वाटतं, मिरवते. मिरवतेच. भाताच्या कणगीला टेकून अभ्यास केलेली मुलगी आज नवी मुंबईतल्या एका ऑफिसात बसून, खाडीचं पाणी मातीच्या बांधातून कसं आणि किती जोरात झिरपेल याचं गणित मांडते आणि त्याखाली स्वतःची सही करते. त्या सहीचा मला अभिमान आहे. एकदा मात्र ती करताना हात जड झाला, कारण सही माझी होती आणि तळं माझ्या आत्याचं होतं.

आमचं गाव पेण आणि अलिबागच्या मधलं, खाडीकाठचं. इथली शेतं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. बाहेर खाडी, आत भात, मधे मातीचा बांध. बांध आहे म्हणून गाव आहे. तो फुटला की आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि ते निघून गेलं तरी पुढची काही वर्षं त्या मातीत भात धरत नाही. म्हणून बांध राखायला घरटी एक माणूस जातो. या पद्धतीला जोळ म्हणतात. कोणी किती माती टाकायची, कुठे दगड लावायचे, कोणाचं चुकलं, हे सगळं जोळाच्या बैठकीत ठरतं आणि ती बैठक बांधावरच बसते. जोळाचा एक जुना नियम आहे: बांधाच्या आतल्या पायथ्याशी कोणी खणायचं नाही.

आत्याचं तळं त्या नियमाने मना केलेल्या जागेतच होतं.

तळी आमच्याकडे बऱ्याच घरांशेजारी असतात. त्यांत जिताडे वाढवतात. जिताडा हा मासा खाऱ्या पाण्यात जगतो, गोड्या पाण्यातही जगतो, मोठा व्हायला वेळ घेतो आणि आपल्याहून लहान जे दिसेल ते खातो. जावई आला की जिताडा, कोणी साहेब आला की जिताडा. आत्याचे यजमान हयात होते तेव्हा त्यांनी बांधाच्या फार जवळ तळं खणलं. त्यावरून भांडणं झाली. पुढे बांधाला काही झालं नाही आणि लोक विसरले. ते गेल्यावर आत्याकडे खाण्यापुरतं पिकवणारं शेत आणि हे तळं राहिलं. मूलबाळ नाही. भावाच्या दारात काही मागायला जायचं नाही, दिरांच्या तर मुळीच नाही, हे तिला त्या तळ्यामुळे जमत होतं. गावात तिचा शब्द ताठ होता तोही त्यामुळेच.

मी आत्याची लाडकी. बारावीनंतर बाबांचं म्हणणं होतं की मी पेणला जाऊन-येऊन बी.ए. करावं आणि मग लग्न. इंजिनिअरिंग म्हणजे घर सोडून राहणं. आत्या आमच्या ओटीवर येऊन बसली ती बाबांनी हो म्हणेपर्यंत उठली नाही. जेवायला वाढलं तर ताट बाजूला सारलं. बाबा तिच्याहून लहान, त्यामुळे त्यांचं काही चाललं नाही.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात आत्याचं तळं इतकं आटलं आणि तापलं की निम्मे जिताडे उलटे होऊन तरंगले. तिनं ठरवलं, तळं रुंद आणि खोल करायचं. एका अंगाला तिचं घर, एका अंगाला रस्ता, तिसऱ्या अंगाला दुसऱ्याचं शेत. सरकायला जागा होती ती बांधाकडेच. तिनं जोळाच्या बैठकीत विषय काढला. तिचे धाकटे दीर जोळाचं सगळं पाहतात. ते नाही म्हणाले. त्यावर आत्या म्हणाली की हे तुम्ही सांगू नका, माझ्या भाचीला विचारा, ती याचंच शिकलीय. लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं, हरकत काय, भाचीकडून लिहून आणा. दिरांनाही नाही म्हणता येईना.

योग असा की आमच्या ऑफिसाकडे त्या पट्ट्यातले काही बांध तपासायचं काम आलेलंच होतं आणि त्यात आमचा बांध होता. मी आमच्या साहेबांना स्पष्ट सांगितलं की गाव माझं आहे, तळं माझ्या आत्याचं आहे, हा बांध दुसऱ्या कोणाला द्या. साहेब माणगावकडच्या शेतकरी घरातले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "गाव तुझं आहे म्हणूनच तू कर. मी तपासतो ना."

काम काय असतं ते सांगते. बांधाचा उभा काप घ्यायचा, पाव कापतो तसा. त्या कापात बांध दिसतो, खालची माती दिसते, एका बाजूला खाडीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला तळं. मग त्या कापावर सॉफ्टवेअरमध्ये बारीक बारीक त्रिकोणांची जाळी टाकायची. प्रत्येक त्रिकोणात पाण्याचा दाब किती, आणि त्या दाबाने पाणी कुठल्या दिशेला किती वेगाने सरकतंय, हे सॉफ्टवेअर काढतं. याला फायनाईट एलिमेंट पद्धत म्हणतात. नाव भारी आहे, पण मोठं गणित सुटत नाही म्हणून त्याचे तुकडे करून सोडवायचं, एवढंच.

शाळेत आम्हाला सदिश राशी शिकवली होती. जिला परिमाणही असतं आणि दिशाही असते ती. कॉलेजात त्याचंच व्हेक्टर झालं. पाण्याचा वेग तसा. तो तिरका असतो, म्हणून त्याचे भाग पाडतात: आडवा किती, उभा किती. बांधाच्या कामात जीव असतो तो उभ्या भागात. खाडीचं पाणी बांधाच्या खालून शिरून आतल्या बाजूला वर येतं. हळूहळू आलं तर काही बिघडत नाही. जोरात आलं तर मातीचे कण उचलतं, चुलीवर ठेवल्यासारखी माती उकळायला लागते, आणि बांध खालून पोकळ होत जातो. वरून मात्र तो जसाच्या तसा दिसतो.

मी काप केला. आधी आहे ते तळं, मग आत्याला हवं ते मोठं तळं. बाहेर उधाणाची पातळी ठेवली आणि आत मे महिन्यातलं आटलेलं पाणी, कारण तेव्हाच फरक सगळ्यांत जास्त असतो. गणित चालवलं आणि वेगाच्या उभ्या भागाचं, आमच्या भाषेत झेडचं, रंगीत चित्र काढलं. आमच्या चित्रात लाल म्हणजे जोर जास्त आणि निळा म्हणजे जवळजवळ काही नाही. सगळं चित्र निळं आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही तळ्यांचं.

साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "झेड शून्य आहे. म्हणजे उचलत नाहीये. घाल रिपोर्टात."

मला फार बरं वाटलं. हे मी लपवत नाही. आत्याला हवं ते गणितानेच दिलं होतं. मी माझं माणूस म्हणून काही ओढूनताणून केलं नव्हतं.

त्या रविवारी मी गावी होते. सोमवारी रिपोर्ट द्यायचा म्हणून लॅपटॉप उघडून चित्रांखाली ओळी लिहीत होते. आत्या आली, शेजारी बसली. पडद्याकडे बघून विचारलं, निळं म्हणजे बरं ना. मी म्हटलं, हो, पण अजून कोणाला सांगू नकोस. ती हो म्हणाली. चहा पिऊन गेली आणि जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगत गेली. मला ओटीवरून ऐकू येत होतं.

ती गेल्यावर मी सहज चित्रावर जागोजागी बोट ठेवून आकडे पाहिले. तळ्याच्या बुडाशी शून्य. बांधाच्या मधोमध शून्य. बाहेर खाडीखालच्या चिखलात शून्य. अगदी लहान आकडा नव्हे, साफ शून्य. पाणी असं वागत नाही. जिथे काहीच घडत नसतं तिथेही गणितात कुठेतरी दशांश चिन्हानंतर पुष्कळ शून्यं आणि मग एखादा क्षुल्लक आकडा शिल्लक राहतो. शिवाय पाणी बांधाखाली शिरलं आणि आत तळ्यात आलं, तर ते कुठेतरी वर आलंच पाहिजे. वर न येता ते तळ्यात कसं पोचलं? मी लॅपटॉप मिटला. आईने जेवायला हाक मारली तेव्हा भूक नव्हती.

सोमवारी मी साहेबांना म्हटलं, रिपोर्ट आज जात नाही. ते वैतागले. मी कारण सांगितलं तर म्हणाले की तुझी जाळी मोठी असेल, बारीक कर. मी त्रिकोण बारीक केले. शून्यच. मग वाटलं, दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळ्या भरताना काही राहिलं असेल. त्या बरोबर होत्या. मातीचे गुण तपासले. तेही बरोबर. एकेक गोष्ट बरोबर निघत होती आणि प्रत्येक वेळी मला जास्त भीती वाटत होती. चूक सापडत नाही तेव्हा माणूस म्हणायला लागतो की चूक नसेलच. मलाही म्हणावंसं वाटत होतं.

मग मी वेगाचे भाग बाजूला ठेवले आणि एकूण वेग काढला. तळ्याच्या बांधाकडच्या कोपऱ्यात एकूण वेग आडव्या वेगाहून खूप जास्त होता. आता हे साधं आहे. एकूण जास्त, आडवा कमी, उभा शून्य, असं जमत नाही. उरलेला वेग कुठेतरी असणारच. तो सॉफ्टवेअरने काढला होता, पण मी चुकीच्या जागी शोधत होते.

म्हणून मी एक पोरखेळ केला. मातीची एक साधी उभी पेटी काढली, खालून पाणी सोडलं, वरून बाहेर. त्यात पाण्याला वर जाण्यावाचून दुसरी वाट नाही आणि वेग किती येणार हे कागदावर चार ओळींत काढता येतं. चालवलं. झेडच्या रकान्यात शून्य. वायच्या रकान्यात माझा कागदावरचा आकडा, जसाच्या तसा.

झालं होतं ते असं. आमच्या धंद्यात झेड म्हणजे उंची. लेव्हल घेताना झेड, नकाशावर झेड, पाया खणताना झेड. वर म्हटलं की आमच्या डोक्यात दुसरं अक्षर येतच नाही. पण सपाट कापाला दोनच दिशा असतात. आडवी एक्स, आणि वर जाणारी वाय. झेड ही पडद्यातून बाहेर येणारी, बांधाच्या लांबीकडची दिशा, आणि तिकडचं गणित कोणी मांडलेलंच नव्हतं. चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला मात्र वेगाचे तीन रकाने लागतात. दोनच दिले तर तिसरा तो स्वतः शून्यांनी भरून घेतो. म्हणजे ते शून्य कोणी मोजलेलं नव्हतं. रिकामी जागा दिसू नये म्हणून घातलेलं होतं, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं त्याला उत्तर समजून बसलो होतो.

मी साहेबांना बोलावलं आणि पेटी दाखवली. ते खुर्ची ओढून बसले. माझा कागद घेऊन त्या चार ओळी स्वतः मांडून पाहिल्या. मग म्हणाले, "लाव वाय."

मोठ्या तळ्याचा कोपरा लालभडक आला. ते मला अपेक्षित होतं. आहे त्या तळ्याचं चित्र उघडताना मी मनात काय म्हणत होते ते लिहीत नाही. तोही कोपरा रंगला. माती उचलली जाण्याची जी हद्द धरतात, तिच्या जेमतेम आत.

जेमतेम का होईना, आत होता. साहेब म्हणाले की मोठं करायला नाही म्हणू आणि आहे ते राहू दे. मी हो म्हणणार होते. पण आदल्या दिवसापासून रंगांवरचा माझा विश्वास उडालेला होता. सॉफ्टवेअर वेग काढतं तो त्रिकोणा-त्रिकोणाचा वेगळा. दोन शेजारच्या त्रिकोणांचे वेग सारखे नसतात, चित्र तुटक दिसतं. ते नीट दिसावं म्हणून प्रोग्राम आपण होऊन शेजाऱ्यांची सरासरी काढतो. बाकी ठिकाणी त्याने काही बिघडत नाही. कोपऱ्यात बिघडतं. तिथे जोर एकाच जागी असतो आणि आजूबाजूला शांत असतं, मग त्या एकाचा जोर सगळ्यांत वाटला जातो. मी सरासरी बंद केली. चित्र गोधडीसारखं ठिगळाठिगळांचं झालं आणि कोपरा हद्दीच्या पार गेला. अगदी टोकाच्या एका त्रिकोणावर भरवसा ठेवायचा नसतो, म्हणून थोडं खाली, मातीच्या पोटात पाहिलं. तिथेही पार.

साहेब म्हणाले, "सॉफ्टवेअर आपोआप दाखवतं ते लावलं तर चालतंय. कोणी विचारणार नाही." हे ते लबाडीने म्हणाले नाहीत. त्यांना माझा चेहरा दिसत होता. मग म्हणाले, "तू ठरव. सही तुझी आहे."

मी ठिगळांचं चित्र लावलं.

पुढच्या रविवारी जोळाची बैठक होती. त्याआधी आत्याला सांगायला मी शनिवारीच गेले. ती पडवीत बसून जाळं सांधत होती. साहेबांसाठी एक चांगला जिताडा बघून ठेवलाय, जाताना घेऊन जा, असं मला बसायच्या आधीच सांगितलं. मी उभ्यानेच सांगून टाकलं. तळं मोठं करता येणार नाही. आहे तेही बुजवायला लागेल.

तिचे हात थांबले नाहीत.

"त्या दिशी निळं होतं."

"ते चुकीच्या दिशेचं होतं. वर येणारं पाणी त्यात नव्हतंच."

"आन आता?"

"लाल आहे."

"रंग तूच भरतेस ना गो?"

मी म्हटलं, हो, रंग मीच भरते. आकडे मी भरत नाही. ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. आज लाल दाखवलंस, उद्या हिरवं दाखवशील, म्हणाली. मग जाळं खाली ठेवून तिनं विचारलं की भावोजींनी पाठवलं काय तुला.

याचा मला राग आला. शिकलेल्या माणसाला गावात दोनच गोष्टी ऐकायला लागतात, एक तर तू मोठी झालीस आणि दुसरं तुला कोणीतरी फितवलंय. मी म्हटलं, "मला कोणी पाठवत नाही. पाठवणारी तू एकटीच होतीस. ओटीवर बसून पाठवलंस."

तिनं जाळं पुन्हा हातात घेतलं. आत चुलीवर काहीतरी ठेवलेलं होतं ते करपल्याचा वास आला, तरी ती उठेना. मीच आत जाऊन भांडं उतरवलं. बाहेर आले तर ती तळ्याच्या काठी उभी होती.

"कुठला कोपरा?"

मी बोट केलं. तिनं त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग बांधाकडे.

"उधाणाला तिथं पाय रुततो," ती म्हणाली. "मी म्हटलं गाळ हाय. गाळच असंल म्हटलं."

तिनंही निळं होण्याचीच वाट पाहिली होती, माझ्यासारखी. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो आणि त्या कोपऱ्यात काही दिसतं का ते बघत होतो. काही दिसत नव्हतं. ओहोटी होती.

दुसऱ्या दिवशी बांधावर मी सगळं सांगितलं, पावाच्या कापापासून. बायका पुढे बसल्या होत्या, पुरुष मागे. संपल्यावर आत्याचे दीर म्हणाले की हेच आम्ही म्हणत होतो, त्याला इंजिनिअर कशाला पायजे होता. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, काका, तुमचा नियम सांगतो की खणू नका. जे खणून झालंय ते टिकेल की नाही, हे तो सांगत नाही. इतकी वर्षं टिकलं म्हणून तुम्हीच ते सोडून दिलं होतं. ते मी आज सांगितलं. हे मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन. आईने मागून माझा पदर ओढला.

तेवढ्यात आत्या उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"माझं मी बुजवते. पन आधी बांधाला लागून जेवढी तळी हायत तेवढ्यांचे काप घ्यायचे. भावोजी, तुमचंबी."

दिरांचं तळंही बांधाच्या बाजूलाच होतं. मागून कोणीतरी म्हणालं, आता साहेबीण गावभर पाव कापीत फिरणार. हशा झाला, पण दिरांना नाही म्हणायला जागा राहिली नाही. मी गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी आणि टेप घेतली, आत्याच्या दिरांनी स्वतः नळीचं दुसरं टोक धरलं. सगळ्या तळ्यांच्या पातळ्या घेतल्या.

ऑफिसात आल्यावर मी एकेका तळ्याचं गणित चालवलं. आधी पेटी, मग तळं. दिरांचं सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. ते ठीक निघालं. पायथ्यापासून लांब होतं, उथळ होतं, वर येणारं पाणी हळू येत होतं. मी सरासरी बंद करून पाहिलं, जाळी बारीक करून पाहिलं, पाण्याची पातळी आणखी खाली नेऊन पाहिलं. तरी ठीकच निघालं. मला त्या आकड्याचा राग आला. आत्याचं बुजायचं आणि त्यांचं राहायचं, हे मला गणिताकडून नको होतं. पण माझ्या रागाने माती उचलत नाही.

आत्याला फोनवर सांगितलं की बाकीची तळी ठीक आहेत, काकांचंही.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे मग त्यांचं."

तळं रिकामं केलं त्या दिवशी दिरांनी तिला सांगितलं की उरलेले जिताडे माझ्या तळ्यात सोड, तुझे तुझेच राहतील. बोलण्यात काही वाकडं नव्हतं. आत्या म्हणाली, "तुमचे मोठे हायत, भावोजी. माझ्यांना खातील." आणि सगळे मासे तिनं ओळखीच्या घरांतून वाटून टाकले. रस्त्याच्या पलीकडे जोळाची थोडी जमीन आहे, तिथे तिला नवं तळं खणू द्यायचं असं बोलणं झालंय. अजून खणलेलं नाही. दर बैठकीला विषय निघतो आणि भात झाल्यावर बघू म्हणून राहतो. तोवर आत्या दुसऱ्यांच्या जाळ्यांची सांधणी करते आणि भावाच्या दारात काही मागायला अजूनही येत नाही.

बुजवायचं कसं, तेही मीच सांगितलं होतं. नुसती माती टाकायची नाही. आधी जाड रेतीचा थर, त्यावर माती. पाण्याला वर यायला वाट ठेवायची, मातीच्या कणांना ठेवायची नाही. पावसाच्या आधीच्या मोठ्या उधाणाला वेळ होता तेवढ्यात जोळाने काम काढलं. घरटी एक माणूस. बांधावरून तळ्यापर्यंत रांग लागली आणि घमेली हातोहात खाली जायला लागली. आत्या रांगेच्या मधोमध होती. मी चपला काढून तिच्या पुढे जाऊन उभी राहिले तर ती म्हणाली, "तू वर उभी ऱ्हा. तुझं काम झालंय."

लोकांच्या देखत म्हणाली. मी हलले नाही. तिच्याकडे भरलेलं घमेलं आलं, ते तिनं माझ्या डोक्यावरून पुढच्या बाईला दिलं. त्यानंतरचंही तसंच. पुढची बाई माझ्याकडे बघून नजर चुकवत होती. रेती संपून माती सुरू झाली, ऊन चढलं, आत्या प्रत्येक घमेलं आधी मांडीवर टेकवून मग उचलायला लागली. खाली तळ्यात माणसं रेती पसरत होती आणि तो कोपरा कुठला हे आता वरून ओळखू येत नव्हतं.

मग एक घमेलं डोक्यावरून गेलं नाही. ती ते छातीशी धरून उभी होती. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे केलं.

"जड हाय," म्हणाली. "कमरेतनं वाकू नको. गुडघ्यात वाक."

मी गुडघ्यात वाकून ते घेतलं आणि पुढे दिलं. तोवर तिच्या हातात दुसरं आलं होतं.